‘पापा डॉक’ : एका टोपणनावाची राजवट

प्रस्तावना

राज्यकर्त्याला मिळणाऱ्या नावांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग बिरुदांचा. ती दरबारात घडतात, भाटांच्या आणि सरकारी पत्रकांच्या तोंडून फिरतात, आणि ज्याच्या नावापुढे लागायची त्याच्या संमतीशिवाय जन्माला येत नाहीत. दुसरा वर्ग टोपणनावांचा; ती बाजारात, पाणवठ्यावर, दवाखान्याच्या ओसरीवर जन्मतात, त्यांचा कर्ता कोण हे सहसा सांगता येत नाही, आणि त्यांत माया असो वा कुचेष्टा, ती लोकांच्या मालकीची असतात. जुलमी राजवटींचा अभ्यास करताना हा भेद फार उपयोगी पडतो, कारण बहुतेक हुकूमशहांच्या बाबतीत ही दोन नावे एकमेकांसमोर उभी ठाकलेली दिसतात. डॉमिनिकन प्रजासत्ताकावर १९३० ते १९६१ अशी एकतीस वर्षे पकड ठेवणाऱ्या राफाएल त्रुहियोला सरकारी कागदांत ‘उपकारकर्ता’ म्हटले जाई आणि १९३६ मध्ये राजधानीचे शतकानुशतकांचे नाव पुसून तिला त्याचे नाव देण्यात आले. पण त्याच्या माघारी लोक त्याला ‘चापिता’, म्हणजे बाटलीचे पत्र्याचे झाकण, म्हणत, कारण छातीवर पदके मिरवण्याचा त्याचा सोस सर्वांना ठाऊक होता. असे दुसरे नाव लोकांजवळ शिल्लक असणे ही लहान गोष्ट नव्हे. ते नाव म्हणजे सत्तेच्या हाती न लागलेला भाषेचा एक कोपरा असतो.

त्याच बेटाच्या पश्चिमेकडील एकतृतीयांश भागात, म्हणजे हैती या देशात, हा कोपराही लोकांजवळ फारसा उरला नाही. २२ ऑक्टोबर १९५७ रोजी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेऊन २१ एप्रिल १९७१ रोजी मरेपर्यंत त्या पदावर राहिलेला फ्रांस्वा दुवालिए जगभर ‘पापा डॉक’ या नावाने ओळखला जातो. हे नाव कुठल्याही सरकारी खात्याने तयार केलेले नव्हते. ते प्रथम लोकांनी, आणि तेही खऱ्या कृतज्ञतेने, उच्चारले होते. नंतर राजवटीने ते उचलले, त्याचे बिरुद केले, त्याभोवती देवघर आणि कोतवाली अशा दोन्ही गोष्टी उभ्या केल्या, आणि ज्यांनी ते नाव दिले होते त्यांच्यावरच ते उलटवले. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हाच प्रवास आहे. दुवालिएच्या चरित्रावर आणि हैतीच्या राजकारणावर बरेच लेखन झालेले असले, तरी एक प्रेमाचे नाव दहशतीचे साधन कसे बनते हा प्रश्न वेगळा आणि मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना त्या नावाच्या आरंभी असलेला खरेपणा नाकारून चालत नाही.

दुवालिएचा जन्म १४ एप्रिल १९०७ रोजी राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स येथे एका सामान्य कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. तो आठ वर्षांचा असताना, १९१५ मध्ये, अमेरिकेच्या नौसैनिकांनी हैतीचा ताबा घेतला आणि हा ताबा १९३४ पर्यंत टिकला. योगायोग असा की त्याच १९३४ मध्ये दुवालिए वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडला. १९४३ पासून तो अमेरिकेच्या मदतीने चाललेल्या एका आरोग्य मोहिमेत काम करू लागला, राजधानीच्या पश्चिमेस असलेल्या ग्रेसिए या गावी त्याने दवाखाना चालवला, आणि मधल्या काळात सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणासाठी तो वर्षभर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात राहून आला. या मोहिमेचा रोख ज्या रोगावर होता त्याला इंग्रजीत ‘यॉज’ आणि हैतीत ‘पियाँ’ म्हणतात. गरिबी, दाट वस्ती आणि पाण्याची टंचाई असलेल्या उष्ण, दमट प्रदेशात मुख्यतः लहान मुलांमध्ये स्पर्शाने पसरणारा हा रोग आधी त्वचेवर फोड आणि चिघळणाऱ्या जखमा आणतो, तळपाय फाटून चालणे नकोसे करतो आणि पुढे हाडे वाकवून माणसाला कायमचा विद्रूप करतो. महाराष्ट्राच्या वाचकाला हा रोग अगदीच परका नाही. मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात तो ‘माडिया रोग’, ‘गोंडी रोग’ अशा नावांनी ओळखला जात असे, महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्याच्या निर्मूलनाची मोहीम राबवावी लागली, आणि भारत त्यापासून मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मान्य केले. ज्या रोगाच्या नावात आपल्याकडे रोग्यांच्या जमातीवरच ठपका ठेवला गेला, त्या रोगावर हैतीत उपचार करणाऱ्याला रोग्यांनी बापाचे नाव दिले.

कारण पेनिसिलिन आल्यावर हा रोग इंजेक्शनाने बरा होऊ लागला. वर्षानुवर्षे खुरडत चालणारे मूल काही आठवड्यांत उभे राहते, हे ज्या शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिले त्याच्या लेखी सुई घेऊन आलेला, हळू बोलणारा, चष्मा लावलेला, आपल्याच वर्णाचा डॉक्टर हा परमेश्वराच्या खालोखाल असणे स्वाभाविक होते. शहरातील वैद्यकीय व्यवसाय तोवर बव्हंशी वरच्या वर्गासाठी होता, आणि खेड्यातल्या माणसाची भाषा, म्हणजे क्रेओल, बोलणारा डॉक्टर त्याच्या उंबरठ्यापर्यंत येणे हीच नवलाची गोष्ट होती. हे श्रेय दुवालिएच्या वाट्याला येते आणि ते त्याला द्यायलाच हवे.

नावाची घडणही पाहण्याजोगी आहे. ‘पापा’ हा शब्द हैतीत केवळ जन्मदात्यापुरता मर्यादित नाही. मराठीत ‘बाबा’ हा शब्द जसा बापाला, वडीलधाऱ्याला आणि साधुपुरुषाला सारख्याच सहजतेने लागतो, तसाच तेथे ‘पापा’ हा शब्द घरातल्या कर्त्याला, गावातल्या म्हाताऱ्याला, आणि देवतांनाही लागतो. वाटांचा आणि उंबरठ्यांचा रक्षक असलेल्या देवतेला तिथला भक्त ‘पापा लेग्बा’ म्हणूनच हाक मारतो. राष्ट्राध्यक्षाला बाप म्हणण्याची चालही जुनी होती. १९३० च्या दशकातला राष्ट्राध्यक्ष स्तेनिओ व्हँसाँ हासुद्धा ‘पापा व्हँसाँ’ झाला होता. आपल्याकडे अर्जदार ‘मायबाप सरकार’ म्हणून हात जोडतो, त्यामागची भावना यापेक्षा फार निराळी नाही. नावाचा दुसरा भाग, ‘डॉक’, हा मात्र इंग्रजी ‘डॉक्टर’चा अमेरिकी बोलीतला आखूड उच्चार आहे. म्हणजे ‘डॉक्टरबाबा’ या अर्थाच्या त्या दोन छोट्या शब्दांत हैतीची दोन्ही सत्ताकेंद्रे, देवघर आणि अमेरिका, आधीच शेजारी शेजारी येऊन बसली होती.

या नावाला राजकीय वजन कसे आले हे समजण्यासाठी हैतीच्या समाजाची एक जुनी भेग ध्यानात घ्यावी लागते. १८०४ मध्ये गुलामांनी स्वतःच्या बळावर फ्रेंच सत्ता उलथवून हे राष्ट्र स्थापन केले, जगाच्या इतिहासात असे दुसरे उदाहरण नाही. पण फ्रान्सने १८२५ मध्ये मान्यता देण्याच्या बदल्यात १५ कोटी फ्रँकची भरपाई लादली आणि नव्या राष्ट्राचे कंबरडे जन्मतःच मोडले. देशांतर्गत सत्ता, व्यापार आणि शिक्षण यांवर ‘म्युलॅटो’ म्हणजे मिश्रवर्णीय, उजळ कांतीच्या आणि फ्रेंच बोलणाऱ्या अल्पसंख्य कुटुंबांचे वर्चस्व राहिले, तर क्रेओल बोलणारी कृष्णवर्णीय शेतकरी जनता बाहेरच राहिली. अमेरिकी ताब्याच्या काळात या स्थितीविरुद्ध जी वैचारिक चळवळ उभी राहिली, तिचा पाया विद्वान झाँ प्रिस-मार्स यांनी १९२८ मधल्या आपल्या ग्रंथात घातला होता; लोककथा, क्रेओल भाषा आणि आफ्रिकेतून आलेला धर्म ही लाज वाटण्याची नव्हे तर अभ्यासण्याची गोष्ट आहे, असे त्यांनी मांडले. दुवालिएने आपला मित्र लोरिमे दनी याच्यासह १९३८ मध्ये ‘ले ग्रियो’ हे नियतकालिक काढले. ‘ग्रियो’ म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील कथा आणि वंशावळी मुखोद्गत ठेवणारा गायक. या मंडळींनी प्रिस-मार्स यांचा सांस्कृतिक विचार ‘न्वारिझ्म’ नावाच्या राजकीय सिद्धांताकडे ओढला. त्याचा सारांश असा की सत्ता वर्णाने कृष्ण असलेल्यांच्या, म्हणजे व्यवहारात कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या, हाती असली पाहिजे, आणि तसे झाले की जनतेचे हित आपोआप साधते. एका सज्जन विद्वानाच्या विचाराची ही ओढाताण हैतीला पुढे फार महागात पडली.

१९४६ मध्ये द्युमार्से एस्तिमे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर दुवालिए आरोग्य खात्यात वर चढला आणि १९४९ मध्ये मंत्री झाला. १९५० मध्ये पॉल माग्लुआर या लष्करी अधिकाऱ्याने सत्ता घेतली, आणि १९५४ पासून १९५६ च्या माफीपर्यंत दुवालिए लपून राहिला. या अज्ञातवासाने त्याच्या प्रतिमेत छळ सोसल्याची भर घातली. २२ सप्टेंबर १९५७ च्या निवडणुकीत त्याच्यासमोर लुई देज्वा हा मिश्रवर्णीय उद्योजक होता, तर गरीब वस्त्यांचा खरा लाडका वक्ता दानिएल फिन्योले याला लष्कराने १९ दिवसांच्या औट घटकेच्या अध्यक्षपदानंतर जूनमध्येच देशाबाहेर धाडले होते. दुवालिएला सुमारे ६ लाख ८० हजार आणि देज्वाला सुमारे २ लाख ६७ हजार मते मिळाल्याचे जाहीर झाले. लष्कर दुवालिएच्या बाजूने होते आणि मतमोजणीवर तेव्हाही आक्षेप होते, परंतु खेड्यापाड्यांत त्याला मिळालेला पाठिंबा सगळाच बनावट नव्हता. सेनाधिकाऱ्यांना तो पुस्तकी, मवाळ, आजारी वाटणारा, हाताळायला सोपा माणूस वाटला. डॉक्टरबाबाच्या प्रतिमेने फसलेल्यांत ते पहिले होते.

सत्तेवर आल्यानंतर काही महिन्यांतच रात्री टोप्या-बुरख्यांनी चेहरे झाकून घरांत घुसणाऱ्या टोळ्या दिसू लागल्या. त्यांना लोक ‘कागुलार’, म्हणजे बुरखेवाले, म्हणत. जुलै १९५८ मध्ये मूठभर निर्वासित अधिकारी आणि भाडोत्री अमेरिकी यांनी राजधानीतील लष्करी छावणी काही तास ताब्यात घेतली, आणि तो प्रयत्न फसल्यावर दुवालिएने लष्कराला शह देणारे स्वतःचे दल उभारण्यास वेग दिला. बुरखे गळून पडले, त्यांच्या जागी काळे चष्मे आले. या दलाचे अधिकृत नाव ‘राष्ट्रीय सुरक्षा स्वयंसेवक’ असे होते, पण ते नाव कुणाच्या ध्यानात राहिले नाही. लोक त्यांना ‘तोंतों माकूत’ म्हणू लागले. क्रेओलमध्ये ‘तोंतों’ म्हणजे काका आणि ‘माकूत’ म्हणजे गवताची विणलेली झोळी. नाताळात चांगल्या मुलांना भेटवस्तू देणारा एक काका असतो, तसाच हट्टी मुलांना झोळीत घालून नेणारा हा दुसरा काका, अशी हैतीच्या घराघरांतली समजूत होती. मराठी घरात जेवत नसलेल्या पोराला ज्या बागुलबुवाचा धाक घालतात, त्याचाच हा हैतीयन भाऊबंद. फरक इतकाच की मराठी मूल मोठे झाले की बागुलबुवा नाहीसा होतो, आणि हैतीतल्या मुलाला मोठेपणी तो दारात उभा दिसला, निळा जाडा सुती पोशाख घातलेला, गळ्यात लाल रुमाल आणि कमरेला पिस्तूल लावलेला.

या पोशाखाकडे अभ्यासकांचे लक्ष वारंवार गेले आहे. निळी वस्त्रे, गवती टोपी आणि खांद्यावर माकूत ही शेतीची देवता असलेल्या आजाकाची वेशभूषा आहे, आणि शेतकरी तिला आपल्या नात्यातलाच समजून ‘कुझँ’, म्हणजे चुलत-मावस भाऊ, म्हणतो. म्हणजे राजवटीने जी माणसे खेड्यात पाठवली ती परकी दिसणार नाहीत, याची तजवीज कपड्यांतच होती. या दलातील बहुतेकांना नियमित पगार नसे. गणवेश, बंदूक आणि गावावरचा अधिकार हेच वेतन, आणि बाकीचे त्यांनी गावातूनच वसूल करायचे. बापाच्या नावाने राज्य आणि काकाच्या नावाने खंडणी अशी ही घरगुती रचना होती, जिच्यात पुढे पत्नी सिमोन ‘मामा डॉक’ आणि मुलगा झाँ-क्लोद ‘बेबी डॉक’ म्हणून येऊन बसले. जिथे राज्यच कुटुंब झाले तिथे नागरिकाला मूल होण्यावाचून जागा राहत नाही, आणि मुलाने बापाविरुद्ध दाद मागावी अशी कचेरी कुठेच नसते.

दुवालिएच्या प्रतिमेचा सर्वांत गाजलेला भाग म्हणजे तिचा वोदूशी जोडलेला संबंध, आणि येथे अधिक सावधपणे लिहिले पाहिजे. वोदू, ज्याला मराठी वाचक इंग्रजीच्या मार्गाने ‘व्हूडू’ या रूपात ओळखतो, हा पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी कॅथलिक संतांच्या छायेत जपलेला धर्म आहे. त्यात ‘ल्वा’ नावाच्या देवता आहेत, त्यांची गाणी आणि नैवेद्य आहेत, आणि भक्ताच्या अंगात ल्वा येणे हा उपासनेचा गाभा आहे. चित्रपटांनी रंगवलेल्या सुया टोचलेल्या बाहुल्यांशी त्याचा फारसा संबंध नाही. या देवतांत मृत्यू आणि स्मशान यांचा अधिपती ‘बॅरन सामदी’, शब्दशः ‘शनिवारचा सरदार’, हा काळा झगा, उंच काळी टोपी आणि काळा चष्मा घालतो आणि नाकातून बोलतो. दुवालिए नेहमी काळा सूट व काळी टोपी घाली, जाड भिंगांआडून पाही आणि नाकातून, कुजबुजल्यासारखे बोले. त्यावरून त्याने बॅरनचे रूप जाणूनबुजून घेतले होते असे असंख्य लेखांत सांगितले गेले आहे.

हे विधान पूर्णतः चूक नाही, पण अपुरे आहे. काळा सूट आणि टोपी हा त्या पिढीतल्या हैतीयन वकील, मास्तर आणि डॉक्टरांचा रोजचा पोशाख होता. एकाच वेशात शहरी मध्यमवर्गाला आपल्यातला शिकलेला गृहस्थ दिसावा आणि खेड्यातल्या भाविकाला स्मशानाचा धनी दिसावा, ही त्या प्रतिमेची खरी ताकद होती. दुवालिए हौशी भगत नव्हता. दनीसह त्याने वोदूवर अभ्यासपूर्ण निबंध लिहिले होते, कोणते चिन्ह कुठे पोचते हे त्याला पुस्तकातून आणि दवाखान्यातून दोन्हीकडून ठाऊक होते. चर्चने १९४१-४२ मध्ये सरकारच्या मदतीने वोदूची देवळे आणि ढोल जाळण्याची मोहीम चालवली होती, त्यामुळे आपल्या देवांना जवळ करणारा सत्ताधीश भाविकांना सुरुवातीला कैवारी वाटला. त्याने अनेक ‘उंगाँ’, म्हणजे वोदूचे पुजारी, माकूतांत भरती केले. बावीस हा आपला अंक आहे असे तो भासवी, आणि शपथविधीपासून महत्त्वाचे दिवस बावीस तारखेला येतील असे पाही. जॉन केनेडींची हत्या २२ नोव्हेंबर १९६३ रोजी झाल्यावर ती त्याच्या शापानेच झाली अशी वदंता पसरली, आणि राजवाड्याने तिचा इन्कार करण्याची घाई केली नाही. त्याचा एके काळचा उजवा हात आणि माकूतांचा संघटक क्लेमाँ बार्बो फितूर होऊन भूमिगत झाला, तेव्हा तो काळ्या कुत्र्याचे रूप घेतो अशी आवई उठली आणि काळी कुत्री मारण्याचा हुकूम सुटल्याचे सांगितले जाऊ लागले. प्रत्यक्षात जुलै १९६३ मध्ये बार्बोला गोळ्या घालून ठार केले गेले ते सैनिकांनी आणि बंदुकांनी. अशा कथांना एक उपयोग होता. प्रत्येक गावात पहारेकरी ठेवणे राज्याला परवडत नाही, पण अफवा पगार मागत नाही.

वोदूवर सगळे खापर फोडणाऱ्या लेखनाने दुवालिएच्या बळींवर आणखी एक अन्याय केला आहे, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. त्याने कॅथलिक चर्चही तितक्याच निष्ठुरपणे वापरले. १९६० मध्ये त्याने आर्चबिशपला देशाबाहेर काढले, चर्चने त्याला बहिष्कृत केले, आणि तरीही १९६६ मध्ये व्हॅटिकनने तडजोड करून बिशप निवडण्यात त्याला निर्णायक वाटा दिला. १९६४ मध्ये सरकारी छापखान्यातून ‘क्रांतीची प्रश्नोत्तरी’ निघाली. चर्चमध्ये मुलांना धर्मतत्त्वे पाठ करवण्यासाठी जी प्रश्नोत्तरे वापरतात, त्यांच्या साच्यात राष्ट्राचे सर्व संस्थापक वीर म्हणजेच दुवालिए असे तीत शिकवले होते, आणि ख्रिस्ती धर्मातील सर्वांत पवित्र प्रार्थनेत परमपित्याच्या जागी राजवाड्यात तहहयात राहणाऱ्या ‘डॉक’ला बसवले होते. खुर्चीवर बसलेला दुवालिए आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभा असलेला ख्रिस्त, असे चित्र देशभर लागले. याच काळात ‘गरिबांचा उपकारकर्ता’, ‘राष्ट्रीय ऐक्याचा प्रेषित’, ‘आत्म्यांत वीज भरणारा’ अशी बिरुदे रचली गेली. ती आज केवळ अभ्यासकांना आठवतात. टोपणनाव टिकले, कारण त्याच्या मुळाशी एकदा बरे झालेले पाय होते.

आकड्यांतही हीच वाढ दिसते. ३० एप्रिल १९६१ रोजी संसदेची निवडणूक झाली, तीत मतपत्रिकेच्या वरच्या बाजूला दुवालिएचे नाव छापले होते आणि मागाहून असे जाहीर झाले की त्याची मुदत संपायला दोन वर्षे असतानाच १३,२०,७४८ विरुद्ध शून्य मतांनी तो पुन्हा निवडून आला आहे. १४ जून १९६४ च्या सार्वमतात ‘होय’ हे उत्तर मतपत्रिकेवर आधीच छापलेले होते, आणि तो ‘तहहयात अध्यक्ष’ झाला. राष्ट्रध्वजाचे निळे-लाल पट्टे जाऊन काळे-लाल आले. राजधानीच्या उत्तरेकडील काबारे या गावाला ‘दुवालिएव्हिल’ नाव देऊन तेथे आदर्श शहर उभारण्यासाठी व्यापाऱ्यांकडून, नोकरदारांकडून आणि शाळकरी मुलांकडूनही ‘स्वेच्छेच्या’ देणग्या घेतल्या गेल्या.

प्रतिमेच्या या पसाऱ्यात मेलेली माणसे दिसेनाशी होतात, म्हणून त्यांच्या मृत्यूच्या काही घटनांवर येथे थांबणे आवश्यक आहे. एप्रिल १९६३ मध्ये दुवालिएच्या मुलांना शाळेत सोडणाऱ्या मोटारीवर गोळीबार होऊन अंगरक्षक मारले गेले. संशय एका पटाईत नेमबाज अधिकाऱ्यावर गेला. तो तेव्हा परदेशी वकिलातीच्या आश्रयाला होता, पण त्याच्या घरावर हल्ला झाला, आईवडील आणि घरातले इतर मारले गेले, घर जाळले गेले, आणि त्या दिवसांत अनेक अधिकारी व नागरिक जे नाहीसे झाले ते कायमचे. ऑगस्ट १९६४ मध्ये ‘जन हैती’, म्हणजे ‘तरुण हैती’, या गटाचे तेरा तरुण दक्षिणेकडील डोंगराळ किनाऱ्यावर उतरून लढू लागले, तेव्हा त्यांच्यापैकी काहींचे घराणे ज्या जेरेमी शहरातले होते तेथील मिश्रवर्णीय कुटुंबांची, म्हाताऱ्यांपासून तान्ह्या मुलांपर्यंत, कत्तल झाली. हैतीच्या इतिहासात ती ‘जेरेमीची सांजप्रार्थना’ या नावाने नोंदली गेली आहे. त्या तेरांपैकी जिवंत सापडलेले मार्सेल न्युमा आणि लुई द्रुएँ यांना १२ नोव्हेंबर १९६४ रोजी राजधानीतील राष्ट्रीय दफनभूमीच्या भिंतीशी खांबाला बांधून गोळ्या घालण्यात आल्या. शाळा बंद करून विद्यार्थ्यांना ते पाहायला आणले गेले आणि चित्रीकरण दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. बापाने मुलांना एकत्र बोलावून धडा द्यावा, अशी ती मांडणी होती. जून १९६७ मध्ये फोर्ट दिमाँश या तुरुंगात आपल्याच १९ अधिकाऱ्यांना दुवालिएने स्वतःच्या देखरेखीखाली ठार करवले.

विरोधकांनाही राजवटीने नाव दिले होते, ‘कामोकें’. हे मलेरियावरच्या एका गोळीच्या नावावरून आलेले आहे. डॉक्टरबाबाच्या देशात बंडखोराला औषधाचे नाव शिवी म्हणून मिळावे, यात भाषेची केवढी नासाडी झाली हे वेगळे सांगायला नको. या काळात डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, इंजिनिअर मोठ्या संख्येने क्वेबेक, न्यूयॉर्क आणि आफ्रिकेतील काँगोकडे निघून गेले. ज्याने खेड्यात दवाखाना नेला त्याच्याच कारकिर्दीत खेड्यातला डॉक्टर परागंदा झाला. बाप आणि मुलगा यांच्या राजवटीत मिळून मारल्या गेलेल्यांची संख्या ३०,००० पासून ६०,००० पर्यंत सांगितली जाते. यादी कुणी ठेवली नाही, आणि आकड्यातील हे अंतरच त्या राजवटीवरचा आरोप आहे.

बाहेरच्या जगाचा वाटा कमी नव्हता. जानेवारी १९६२ मध्ये उरुग्वेतील पुंता देल एस्ते येथे क्युबाला अमेरिकी राष्ट्रसंघटनेतून वगळण्याच्या ठरावाला दोनतृतीयांश बहुमत गाठण्यासाठी हैतीचे मत हवे होते, आणि मदतीच्या आश्वासनावर ते मिळाले. केनेडी प्रशासनाने नंतर मदत आखडती घेतली, तरी साम्यवादाविरुद्धचा पहारेकरी म्हणून दुवालिएची किंमत राहिली. १९६९ मध्ये नेल्सन रॉकफेलर अमेरिकेचे दूत म्हणून आले आणि राजवाड्याच्या सज्जात त्याच्या शेजारी उभे राहिले. त्याच वेळी परदेशी वृत्तपत्रांना ‘पापा डॉक’ हे नाव आयतेच सापडले होते. ते मथळ्यात बसे, उच्चारायला सोपे होते आणि त्यात मंत्रतंत्राचा वास होता. ग्रॅहम ग्रीन यांच्या ‘द कमेडियन्स’ या १९६६ च्या कादंबरीने राजवट इतकी दुखावली की तिने लेखकाविरुद्ध पुस्तिका छापली. बर्नार्ड डिडरिक आणि अल बर्ट या पत्रकारांनी १९६९ मध्ये पुराव्यांनिशी लिहिलेले चरित्र आजही आधारभूत आहे. मात्र सर्वसाधारण वार्तांकनाने दुवालिएला गूढ, विचित्र, रंजक केले, आणि रंजक माणसाचा कुणी जाब विचारत नाही. त्याची खरी चिकित्सा केली ती हैतीच्याच लेखकांनी. मारी व्हिए-शोव्हे यांनी १९६८ मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध केलेल्या तीन कथांच्या ग्रंथात राज्यकर्त्याचे नाव न घेता दहशतीखालचे घर दाखवले आणि त्यापायी त्यांना देश सोडावा लागला. मानवशास्त्रज्ञ मिशेल-रोल्फ त्रुयो यांनी १९९० मध्ये, राज्यसंस्था राष्ट्रावरच कशी चालून गेली हे जादूटोण्याचा आधार न घेता, करवसुली, लष्कर आणि वर्णभेद यांच्या हिशेबाने मांडले. प्रस्तुत ग्रंथ याच दुसऱ्या वाटेने जातो.

म्हणून पुढील सर्व प्रकरणांत या माणसाचा उल्लेख ‘दुवालिए’ असाच केला आहे, आणि ‘पापा डॉक’ हे नाव त्या नावाचीच चर्चा असेल तेथेच येते. वाचकाला हा आग्रह कदाचित काटेकोर वाटेल. परंतु प्रेमाचे नाव पुन्हा पुन्हा उच्चारण्याने प्रेमाचा काही अंश वाचणाऱ्याच्याही जिभेवर राहतो, आणि ज्यांच्या दारात झोळीवाला काका आला त्यांच्या वतीने एवढे अंतर पाळणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. ज्या शेतकऱ्यांनी ते नाव प्रथम दिले त्यांचा यात दोष नाही. त्यांनी एका चांगल्या कामाला चांगले नाव दिले होते.

मृत्यूपूर्वी, जानेवारी १९७१ मध्ये, दुवालिएने राष्ट्राध्यक्षाची किमान वयोमर्यादा ४० वरून १८ वर आणली आणि सार्वमत घेऊन १९ वर्षांच्या झाँ-क्लोदला वारस केले. जाहीर झालेली मते सुमारे २३ लाख ९२ हजार विरुद्ध शून्य अशी होती. मुलाने आणखी पंधरा वर्षे राज्य केले आणि ७ फेब्रुवारी १९८६ रोजी अमेरिकी विमानाने तो फ्रान्सला पळाला. त्या दिवसांत लोकांनी ‘देशुकाज’, म्हणजे मुळासकट उपटणे, सुरू केले. माकूतांबरोबर अनेक निरपराध उंगाँही त्यात मारले गेले, आणि जमावाने बापाची कबर फोडली तेव्हा आत मृतदेह सापडला नाही. २०११ च्या जानेवारीत झाँ-क्लोद परत आला. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी त्याच्यावर खटला चालू शकतो असा निर्णय पोर्ट-ओ-प्रिन्सच्या अपील न्यायालयाने २० फेब्रुवारी २०१४ रोजी दिला, आणि तो खटला उभा राहण्यापूर्वीच ४ ऑक्टोबर २०१४ रोजी वयाच्या ६३ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने तो मरण पावला.